बँकेनं कापलेले पैसे परत मागण्याआधी काय तपासाल?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, पर्यटकही नसतात आणि मालवण-देवबागच्या पट्ट्यात घरोघरी खात्यातली शिल्लक तळाला जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हंगाम सुरू झाला की लोक पासबुक छापायला बँकेत जातात, आणि तेव्हा कळतं की हातात पैसा नव्हता त्याच महिन्यांत बँकेनंही काही कापलंय.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीची आई असंच पासबुक घेऊन शाळेत आली. "सर, पोरीच्या स्कॉलरशिपचे पैसे बँकेनं खाल्ले," ती म्हणाली. पासबुकात चार कपाती होत्या. ११८ रुपये दोन वेळा, १७ रुपये ७० पैसे एकदा आणि २० रुपये एकदा. ती तावातावानं शाखेत जायला निघाली होती. मी म्हटलं, "ताई, बसा जरा. आधी एकेक ओळ वाचू, मग जाऊ."

वाचल्यावर चित्र निराळं निघालं. दोन ११८ रुपये हा किमान शिल्लक नसल्याचा दंड होता. खातं स्कॉलरशिपसाठी शून्य शिल्लकीचं म्हणून उघडलं होतं, पण बँकेत त्याची नोंद साध्या बचत खात्याची झाली होती. १७ रुपये ७० पैसे मोबाईल संदेशांचे होते. आणि २० रुपयांची ओळ मुलीच्या खात्यातली नव्हतीच. ती आईच्या स्वतःच्या पासबुकातली होती, तिनंच सही केलेल्या अपघात विम्याची. दोन्ही पासबुकं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असल्यामुळे तिची गल्लत झाली होती. लेखी अर्ज दिल्यावर २३६ रुपये परत आले. बाकीचे आले नाहीत, आणि २० रुपये तर मागायचे नव्हतेच.

चारही ओळींसाठी भांडलो असतो तर शाखेनं विम्याची सही दाखवून चार शब्द सुनावले असते आणि २३६ रुपयांचा खरा मुद्दा बाजूला राहिला असता. म्हणून सांगायचं ते एवढंच: कपात जाचक वाटणं वेगळं आणि कपात नियमाबाहेर असणं वेगळं. पैसे परत मिळतात ते दुसऱ्या प्रकारातले.

देशभर गाजलेलं उदाहरण

छोट्या रकमांचा हिशेब कुठवर जातो, हे आयआयटी मुंबईतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांच्या अहवालांनी दाखवलं. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यांतून महिन्याला चारपेक्षा जास्त व्यवहार झाले की स्टेट बँक प्रत्येक जादा व्यवहारामागे १७ रुपये ७० पैसे घेत होती. यूपीआय आणि रुपे कार्डाचे व्यवहारही त्यात धरले जात. एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात अशा किमान १४ कोटी डिजिटल व्यवहारांवर २५४ कोटींहून जास्त रुपये घेतले गेले, असं त्यांच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं.

३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं बँकांना सांगितलं की १ जानेवारी २०२० नंतर अशा व्यवहारांवर घेतलेले पैसे ग्राहकांना परत करा. त्यानुसार २०२१ मध्ये सुमारे ९० कोटी रुपये परत झाले. त्याआधीच्या काळातले सुमारे १६४ कोटी मात्र परत झाले नाहीत, असं तोच अहवाल सांगतो.

खातेदार तेच, कपातही तीच. तरी एका तारखेनंतरचे पैसे आले आणि आधीचे अडकले, कारण नियमाचा आधार त्या तारखेपासूनचा होता. म्हणजे परतावा मागताना "किती कापले" याच्याइतकंच "कधी कापले आणि तेव्हा नियम काय होता" हेही बघावं लागतं.

पहिली पायरी: ओळ ओळखा

पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये कपातीसमोर इंग्रजी आद्याक्षरं असतात. समजली नाहीत तर काउंटरवर विचारा. नोंदी ग्राहकाला कळतील अशा असाव्यात, असं रिझर्व्ह बँकेचंच बँकांना सांगणं आहे. विचारायला संकोच करू नका.

रकमेवरूनही अंदाज बांधता येतो. बँकेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून आकडे तुटक दिसतात. १०० चे ११८ होतात, १५ चे १७ रुपये ७० पैसे. मोफत वेळा संपल्यावर एटीएमच्या एका व्यवहाराला १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये घेता येतात, जीएसटी धरून ते २७ रुपये १४ पैसे होतात.

काही कपाती मात्र शुल्क नसतातच:

- ४३६ रुपये ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची वर्षाची रक्कम.
- २० रुपये ही प्रधानमंत्री सुरक्षा विम्याची, म्हणजे अपघात विम्याची.
- कर्जाचा हप्ता, बचत गटाची किंवा आरडीची रक्कम.

हे विम्याचे पैसे बहुधा मे-जूनमध्ये जातात, कारण या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. तुम्ही संमती दिलीच नसेल तर संमतीचा कागद दाखवा म्हणून मागणी करा, तो तुमचा हक्क आहे. पण रागाच्या भरात विमा बंद करण्याआधी विचार करा. समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या घराला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे. नाखवा असो की खलाशी, ही ओळ त्यानं राखून ठेवलेली बरी.

दुसरी पायरी: खातं कोणत्या प्रकारचं?

यावरच निम्मा निकाल लागतो. पासबुकाच्या पहिल्या पानावर खात्याचा प्रकार लिहिलेला असतो.

*मूलभूत बचत खातं.* जनधन खातं याच प्रकारचं. यात किमान शिल्लक ठेवायची अट नसते, त्यामुळे तिचा दंडही लागू शकत नाही. महिन्यातून किमान ४ वेळा पैसे काढणं मोफत असतं.

*साधं बचत खातं.* यात बँक किमान शिल्लक ठरवू शकते. स्टेट बँकेनं मार्च २०२० मध्ये ही अट काढली. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही साध्या बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. पण तो त्या तारखांपासून बंद झाला. आधी कापलेले पैसे त्यामुळे आपोआप परत मिळत नाहीत.

*स्कॉलरशिपचं आणि सरकारी अनुदानाचं खातं.* सरकारी योजनेसाठी शून्य शिल्लकीचं म्हणून उघडलेलं खातं व्यवहार नाहीत म्हणून निष्क्रिय ठरवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पालकांनी एवढंच बघावं की बँकेच्या नोंदीत खातं खरोखर त्या प्रकारात टाकलंय का. आमच्या मुलीच्या बाबतीत चूक तिथंच झाली होती.

*आखातात असलेल्या माणसाचं खातं.* आपल्याकडे अनेक घरांतले कर्ते पुरुष मस्कत, कुवेत, दुबईला असतात आणि गावचं जुनं बचत खातं तसंच चालू असतं. परदेशी कामाला गेल्यावर ते खातं एनआरओ प्रकारात बदलून घ्यावं लागतं. कपातीची तक्रार करायला गेलात की हा विषय निघणारच, म्हणून तो आधी मार्गी लावा. तक्रारही खातेदाराच्याच नावानं लागते. बायकोनं किंवा भावानं करायची असेल तर खातेदाराचं लेखी अधिकारपत्र हवं.

नियम कुठे आपल्या बाजूनं उभा राहतो

*किमान शिल्लकीचा दंड.* १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेला नियम असा: शिल्लक कमी झाली तर बँकेनं आधी संदेश, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं. शिल्लक भरून काढायला महिनाभराची मुदत द्यायची. त्यानंतरच दंड. दंडही जेवढी शिल्लक कमी पडली त्या प्रमाणात, सगळ्यांना सरसकट एकच नाही. आणि केवळ या दंडामुळे खातं शून्याच्या खाली, उणे जाता कामा नये. सूचना आली नव्हती, किंवा दंडामुळेच खातं उणे झालं, तर मुद्दा पक्का. फक्त आपला मोबाईल नंबर बँकेत बरोबर आहे का ते बघा. नंबर बदलून बँकेला कळवलं नसेल तर "आम्ही संदेश पाठवला होता" हे उत्तर येईल.

*निष्क्रिय खातं.* दोन वर्षं खातेदारानं काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. अशा खात्यावर किमान शिल्लकीचा दंड घेता येत नाही, आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत.

*एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण पैसे गेले.* बँकेनं व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत स्वतःहून पैसे परत टाकायचे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. यूपीआयनं पाठवलेले पैसे समोरच्या माणसाला पोहोचले नाहीत तर मुदत एकच दिवस. हा नियम १५ ऑक्टोबर २०१९ पासून आहे.

*तुम्ही न केलेला व्यवहार.* हे शुल्क नव्हे, फसवणूक आहे, आणि इथं घड्याळ वेगळं चालतं. चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. नंतर कळवाल तसा वाट्याला येणारा तोटा वाढतो. असा व्यवहार दिसला की हा लेख बाजूला ठेवा आणि आधी बँकेला फोन करा.

*कर्जाचं शुल्क.* हप्ता चुकला तर बँक दंड घेऊ शकते, पण तो व्याजाच्या रूपात लावून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. चालू कर्जांनाही हा नियम २०२४ च्या मध्यापासून लागू झाला आहे. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज वैयक्तिक नावावर असेल आणि तुम्ही ते मुदतीआधी फेडलं, तर बँकेला त्याचं शुल्क घेता येत नाही.

कुठे दावा टिकत नाही

"शुल्क फार आहे" एवढंच कारण असेल तर हाती फारसं लागत नाही. किती शुल्क घ्यायचं हे बऱ्याच बाबतीत बँकेचं संचालक मंडळ ठरवतं, आणि बँकेच्या व्यावसायिक निर्णयात लोकपाल हात घालत नाही. शुल्काच्या तक्त्यात लिहिलेलं, आधी कळवलेलं आणि नियमात बसणारं शुल्क कितीही बोचलं तरी ते चूक ठरत नाही.

चेक परत गेल्याचं शुल्क, हप्ता न वठल्याचं शुल्क, मोफत वेळा संपल्यावरचं एटीएम शुल्क ही यातलीच. अशा वेळी हक्काची भाषा न वापरता विनंती करावी. "हंगाम बंद होता, पहिल्यांदाच असं झालं, या वेळेपुरतं माफ करावं" असं नम्रपणे लिहिलं तर शाखाधिकारी कधी कधी आपल्या अधिकारात शुल्क माफ करतात. पण ती मेहरबानी आहे, हक्क नाही. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मिसळू नका.

अर्ज देण्याआधी चार प्रश्न

१. *एकूण किती?* एक ओळ बघून निघू नका. तीन वर्षांचं स्टेटमेंट काढा आणि एकाच प्रकारच्या सगळ्या कपाती कागदावर तारखेनुसार मांडा. ११८ रुपयांसाठी कुडाळ-ओरोसच्या चार फेऱ्या परवडत नाहीत. पण तीच कपात दर तिमाहीला होत असेल तर वर्षाचे ४७२ आणि तीन वर्षांचे १४१६ होतात.

२. *किती जुनं?* फार जुनी गोष्ट उकरता येत नाही. सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची. ग्राहक आयोगात जायचं तर कारण घडल्यापासून दोन वर्षं.

३. *बँकेचं माझ्याकडे काही येणं आहे का?* त्याच बँकेचं होडीचं किंवा शेतीचं कर्ज थकलं असेल तर परत आलेली रक्कम तिकडे वळती होऊ शकते. म्हणून हक्क सोडावा असं नाही, पण हे माहीत असलेलं बरं.

४. *मला नेमकं काय हवं?* पैसे परत, खात्याचा प्रकार दुरुस्त, की दोन्ही? आमच्या मुलीच्या बाबतीत २३६ रुपयांपेक्षा खात्याची दुरुस्ती मोलाची होती. ती झाली नसती तर पुढच्या स्कॉलरशिपमधूनही दंड गेला असता.

अर्ज कसा लिहावा

मराठीत लिहा, एका पानात लिहा. खाते क्रमांक, कपातीच्या तारखा आणि रकमा, कोणता नियम मोडला ते एका वाक्यात, आणि काय मागणी आहे ते शेवटी. उदाहरणार्थ:

"माझं खातं मूलभूत बचत खातं असून त्याला किमान शिल्लकीची अट नाही. तरी अमुक तारखांना एकूण इतके रुपये दंड म्हणून कापले आहेत. मला याची कोणतीही पूर्वसूचना मिळालेली नाही. ही रक्कम खात्यात परत जमा करावी व खात्याची नोंद दुरुस्त करावी. नाकारायचं असल्यास लेखी कारण द्यावं."

दोन प्रती करा. एक शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच नसेल तर पुढे कुठेच उभं राहता येत नाही. तोंडी सांगितलेली तक्रार वाऱ्यावर गेली समजा. ईमेलनं किंवा ॲपमधून तक्रार केली तर तिचा क्रमांक जपून ठेवा. आणि काउंटरवरच्या माणसाशी आवाज चढवू नका. कपात संगणकातून झालेली असते, समोरच्या कारकुनानं केलेली नसते. बहुतेकदा तोच आपल्याला योग्य टेबल दाखवतो.

तीस दिवसांनंतर कुठे?

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढचा दरवाजा तुमची संस्था कोणती यावर ठरतो.

राष्ट्रीयीकृत, खाजगी, ग्रामीण आणि मोठ्या नागरी सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे येतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही १ नोव्हेंबर २०२५ पासून या योजनेत आल्या आहेत, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्हा बँकेच्या खातेदारांनाही हा मार्ग खुला झाला. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर किंवा चंदीगडच्या केंद्राकडे पत्रानं करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. यासाठी फी नाही, आणि वकिलामार्फत तक्रार चालत नाही, ती तुम्हीच करायची. २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरानंतर एक वर्षाची मुदत दिली होती. पण तेवढं थांबू नका, महिनाभरात पुढचं पाऊल टाका. एकच तक्रार लोकपालाकडे आणि ग्राहक आयोगाकडे एकाच वेळी चालवता येत नाही.

पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यावर सहकार खात्याचा अंमल असतो, म्हणून तिथली तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जाते. लोकपालाकडे पाठवलेला अर्ज परत येईल आणि महिना फुकट जाईल.

ग्राहक आयोगाचा रस्ता रक्कम मोठी असेल किंवा नुकसान जास्त झालं असेल तर बघावा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर विचारा. कायद्याची मदत हवी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो, त्यांचा क्रमांक १५१००.

परतावा मिळवून देणारे "एजंट"

"तुमचे कापलेले बँक चार्जेस परत मिळवून देतो, फक्त एक लिंक उघडा" असे फोन येतात. परतावा खात्यात जमा व्हायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. कुणी फसलंच तर लगेच १९३० वर कळवा. दोनशे रुपये परत मिळवण्याच्या नादात वीस हजार घालवू नका.

पैसे आले, आता पुढे?

पुन्हा तेच होऊ नये याची तजवीज करा. साधं बचत खातं लेखी अर्ज देऊन मूलभूत खात्यात बदलता येतं. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, हे आधी ध्यानात घ्या. नको असलेली संदेश सेवा किंवा जादा कार्ड बंद करा. वापरात नसलेली खाती बंद करा. मोबाईल नंबर अद्ययावत ठेवा. आणि दर तीन महिन्यांनी पासबुक छापा.

उशिराबद्दल मिळालेल्या भरपाईचं काय करायचं, ती सूद धरायची का, असं काही जण विचारतात. चुकून कापलेली मूळ रक्कम तर तुमचीच आहे. त्यावरच्या जादा रकमेबद्दल आपल्या आलिमांना विचारावं, ते शाळामास्तराचं काम नाही.

त्या मुलीची आई परवा भेटली. आता दोन्ही पासबुकं वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवते. आणि मोहल्ल्यातल्या खाला-चाच्या तिच्याकडे आपली पासबुकं घेऊन येतात, तेव्हा ती त्यांना पहिलं हेच सांगते, "बसा जरा. आधी एकेक ओळ वाचू."